बेळगावची उंची आणि अंदमानचं पाणी

अंदमानातलं सर्वांत उंच ठिकाण म्हणजे सॅडल पीक, ७३२ मीटर. बेळगाव साधारण ७५० मीटरवर आहे. सॅडल पीकवर दिवसभर घाम गाळून माणूस जिथे पोचतो, त्याहून आपण टिळकवाडीत बाकड्यावर बसून चहा पिताना थोडे वरच असतो. ऐकायला गंमत वाटते, पण बेटावर जाऊन पाण्याखाली उतरायचं असेल तर सहलीचं वेळापत्रक याच आकड्याला धरून बांधावं लागतं. सहलीची माहितीपत्रकं सहसा मुंबईचा नाहीतर चेन्नईचा प्रवासी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असतात. तो समुद्राकडून समुद्राकडेच परततो. आपल्याला घाट चढायचा असतो. त्याचा हिशोब पुढे येईलच, आधी बाकीची तयारी.

वेळ आणि वाट

कर्नाटकातल्या शाळांना एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सुट्टी लागते, आणि ही अंदमानसाठी चांगली वेळ आहे. जानेवारी ते एप्रिल तिथला समुद्र शांत असतो, पाणी नितळ असतं. मेच्या तिसऱ्या आठवड्यात 'मान्सून अंदमानात दाखल' ही बातमी ऐकून इथल्या शेतकऱ्याला बरं वाटतं, पण त्याच सुमाराला तिकडे वारा फिरतो, पाणी गढूळ होतं आणि बोटी रद्द व्हायला लागतात. दसरा-दिवाळीतही जाता येतं. फक्त ऑक्टोबर-नोव्हेंबर हा बंगालच्या उपसागरातल्या वादळांचा काळ, म्हणून एक दिवस मोकळा हाताशी ठेवून तिकिटं काढा.

सांबऱ्याच्या विमानतळावरून बेंगळुरू किंवा हैदराबाद गाठायचं आणि तिथून पुढचं विमान धरायचं. पोर्ट ब्लेअरचं नाव २०२४ पासून श्री विजयपुरम आहे. हॅवलॉक २०१८ पासून स्वराज द्वीप झालं, आणि नील झालं शहीद द्वीप. बोटवाले अजून जुनीच नावं घेतात, तेव्हा दोन्ही लक्षात ठेवा. खासगी वेगवान बोट पोर्ट ब्लेअरहून हॅवलॉकला दीड तासाच्या आसपास पोचते, सरकारी बोटीला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. बोट लागत असेल तर खालच्या मजल्यावर मधोमध जागा मागा, तिथे हेलकावा सगळ्यांत कमी. निघायच्या आधी मिसळ नको, दोन इडल्या पुरे. आलेपाकाच्या चार वड्या खिशात असू द्या. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून, निघायच्या तासभर आधी. मात्र यातल्या बऱ्याच गोळ्या झोप आणतात. त्यांच्या गुंगीत पाण्याखाली जायचं नाही.

घड्याळाची एक गोम आहे. तिथलं घड्याळ आपलंच, पण सूर्य आपला नाही. बेळगाव साधारण ७४.५ पूर्व रेखांशावर, पोर्ट ब्लेअर ९२.७ वर. एका रेखांशाला चार मिनिटं या हिशोबाने तिथला दिवस आपल्याआधी सव्वा तास उगवतो आणि तेवढाच आधी मावळतो. डिसेंबरात पाचच्या सुमाराला सूर्य गेलेला असतो. आठला उठून, नाश्ता करून, दहाला बाहेर पडणाऱ्याचा निम्मा दिवस हॉटेलातच गेला. पाण्यातली सगळी कामं सकाळी सहा ते अकरात उरका. वारा तेव्हा पडलेला असतो, आणि दुपारचं ऊनही चुकतं.

विहिरीत शिकलेलं पोहणं

आपल्या भागातली निम्मी माणसं विहिरीत पाठीला डबा बांधून किंवा खानापूरला मलप्रभेच्या पात्रात पोहायला शिकलेली. त्यांना पाण्याची भीती नसते, ही मोठी जमेची बाजू. पण विहिरीने लावलेल्या दोन सवयी समुद्रात आड येतात.

पहिली, डोकं वर काढून पोहण्याची. स्नॉर्केलिंगमध्ये तोंड सतत पाण्यात आणि श्वास नळीतून. डोकं वर उचललं की पाय खाली जातात, पाय खाली गेले की प्रवाळावर आपटतात. दुसरी सवय जास्त घातक आहे, श्वास कोंडण्याची. विहिरीत मुटका मारताना छाती भरून श्वास घ्यायचा आणि कोंडायचा, हे अंगात मुरलेलं असतं. सिलिंडर लावून खाली गेल्यावर हीच गोष्ट कधीही करायची नाही. दहा मीटर खोलीवर दाब जमिनीवरच्या दुप्पट असतो. तिथे छातीत घेतलेली पाच लिटर हवा तशीच कोंडून वर आलात तर तिला पृष्ठभागावर दहा लिटर जागा लागते, आणि फुप्फुसात ती नाही. विहिरीतल्या बुडीत हा धोका नसतो, कारण तिथे हवा वरूनच भरून नेलेली असते. ती खाली आक्रसते आणि वर येताना मूळ मापावर येते. स्कूबात हवा खालीच घेतलेली असते. एवढा एक फरक नीट डोक्यात बसला तर प्रशिक्षकाचं निम्मं काम होतं.

सराव इथेच करा. गोवावेसच्या पोहण्याच्या तलावात सकाळच्या वेळी मास्क आणि नळी लावून चार-पाच दिवस, रोज वीस मिनिटं. तोंड पाण्यात ठेवून नुसतं तरंगायचं, हातपाय मारायचे नाहीत, श्वास सावकाश. आत चार आकडे, बाहेर सहा. जमलं की मग मुद्दाम मास्कमध्ये थोडं पाणी घ्यायचं, वरची कड बोटांनी कपाळाला दाबायची, मान किंचित वर करून नाकाने जोरात श्वास सोडायचा. पाणी खालच्या कडेने निघून जातं. ही एक गोष्ट आली की समुद्रात घाबरण्याचं सर्वांत मोठं कारण जातं. ज्यांना अजिबात पोहता येत नाही त्यांनाही पहिली डाइव्ह करता येते, प्रशिक्षक धरून नेतो. पण मास्कमध्ये चमचाभर पाणी शिरल्यावर गांगरून वर पळणाऱ्यांत त्यांचीच संख्या जास्त असते.

मास्क, मिशी आणि थुंकी

मास्क भाड्याचा घ्या किंवा स्वतःचा, परीक्षा एकच. पट्टा डोक्यामागे न घेता मास्क चेहऱ्यावर टेकवा, नाकाने हलका श्वास आत ओढा आणि हात सोडा. मास्क चिकटून राहिला तर तुमच्या चेहऱ्याला बसतो. पडला तर पट्टा कितीही आवळा, पाणी येणारच. बहुतेक जण नेमकं हेच करतात. पाणी आलं की पट्टा आवळतात, त्याने रबराची कड दुमडते आणि आणखी पाणी येतं.

मिशी हा आपल्याकडचा नाजूक विषय. नाकाखालच्या कडेला केस आले की तिथून पाणी झिरपतं. मिशी काढायची गरज नाही. नाकपुडीला लागून असलेली बारीक ओळ कात्रीने कमी केली आणि वर व्हॅसलीनचा पातळ हात दिला की भागतं. मास्क सिलिकॉनचा असेल तर. रबराचा असेल तर व्हॅसलीनने तो खराब होतो. बायकांनी कपाळावरची बट आणि टिकली दोन्ही काढून ठेवावीत, कड त्यांच्यावर बसत नाही.

नव्या मास्कच्या काचेवर कारखान्यातला पातळ थर असतो. तो गेला नाही तर काच सारखी धुरकट होते. साधी पांढरी टूथपेस्ट आतून बोटाने चोळायची, धुवायची, आणि हे दोन-तीनदा. पाण्यात उतरताना आत थुंकायचं, बोटाने पसरायचं, एकदा खळबळायचं. किळस वाटली तर बेबी शाम्पूचा थेंब.

चष्मेवाल्यांनी आधीच नंबर कळवून नंबरचा मास्क आहे का विचारावं. पाण्याखाली वस्तू मुळापेक्षा तिसऱ्या हिश्शाने मोठ्या आणि पाव हिश्शाने जवळ दिसतात, त्यामुळे नंबर बारीक असेल तर चष्म्यावाचूनही चालून जातं. दिसलेल्या माशाची लांबी रात्री जेवताना सांगतानाही पाव हिस्सा वजा करावा.

अंगात पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट आणि घोट्यापर्यंतची लेगिंग घाला. स्नॉर्केल करणाऱ्याची पाठ, मान आणि पोटऱ्या तासन् तास उन्हाकडे असतात, वर पाणी गार लागत असतं, म्हणून भाजलेलं रात्रीच कळतं. क्रीमचे थर लावण्यापेक्षा कपडा बरा. काही क्रीममधली ऑक्सिबेन्झोनसारखी द्रव्यं प्रवाळाला बाधतात.

जागा म्हणाल तर हॅवलॉकला एलिफंट बीच आणि नीलला भरतपूर. एलिफंट बीचला जेटीवरून बोटीने वीसेक मिनिटांत जाता येतं, किंवा जंगलातून सुमारे दोन किलोमीटर चालत. चालत जायचं तर सकाळी लवकर, आणि भरतीची वेळ बघून. शेवटचा टप्पा कांदळवनाच्या सखल चिखलातून जातो, भरतीला तिथे पाणी चढतं. पावसानंतर जळवाही असतात. आंबोली फिरलेल्याला त्यांचं काही वाटणार नाही.

प्रवाळाला हात लावू नका, त्यावर उभे राहू नका. ते दगड दिसतात, पण असंख्य बारीक जिवांनी बांधलेलं घर आहे. गोल, भरीव जातीचे प्रवाळ वर्षाला सेंटिमीटरभर वाढतात. तुमच्या टाचेखाली मोडलेला हातभर तुकडा म्हणजे कित्येक वर्षांची वाढ.

पहिली डाइव्ह

पैसे भरण्याआधी चार प्रश्न विचारा. एका प्रशिक्षकामागे किती माणसं? उत्तर एक हवं. पाण्याखाली प्रत्यक्ष किती मिनिटं? कपडे घालण्यापासून मोजलेली वेळ नको. किनाऱ्यावरून उतरायचं की बोटीवरून? पाठीवर सिलिंडर असणार की बोटीवरच्या यंत्रातून नळीने हवा येणार? दोन्हींना सर्रास 'स्कूबा' म्हणतात. फोटो आणि व्हिडिओचे पैसे त्यातच की वेगळे, हा पाचवा प्रश्न तुम्ही विचारालच.

मग एक आरोग्याचा फॉर्म येतो. दमा, हृदयविकार, फिट येणं, कानाची शस्त्रक्रिया, गर्भारपण, असे प्रश्न असतात. तो वाचून खरा भरा. 'काय होतंय' म्हणत सगळीकडे 'नाही' लिहिण्यात शहाणपण नाही. दम्याचा झटका वर आला तर पंप असतो, आठ मीटर खाली नसतो. वयाची अट बहुतेक ठिकाणी किमान दहा वर्षं, आणि पहिल्या डाइव्हची कमाल खोली बारा मीटर. सर्दी असेल तर त्या दिवशी डाइव्ह नाही. नाक मोकळं करणारं औषध मारून उतरलात तर खाली असताना त्याचा असर उतरू शकतो, आणि मग हवा कानात अडकते.

कानाचं गणित आपल्याला समजायला सोपं आहे, कारण आपण ते दर सहलीला करतो. आंबोली किंवा चोर्ला उतरताना कान गच्च होतात, आवंढा गिळला की 'टक्' करून सुटतात. बेळगावात झाकण लावलेली रिकामी बाटली मालवणला पिशवीतून काढली की जरा चेपलेली निघते. कारण तेच. आता मोजून बघा. बेळगावपासून समुद्रापर्यंत साडेसातशे मीटर उतरल्यावर हवेचा जेवढा दाब वाढतो, तेवढा पाण्यात जेमतेम ८५ ते ९० सेंटिमीटर खोलीवरच वाढतो. अख्खा घाट कमरेइतक्या पाण्यात संपला. दहा मीटरची डाइव्ह म्हणजे एका दमात उतरलेले अकराहून जास्त घाट.

म्हणून कान मोकळे करायला दुखेपर्यंत थांबायचं नाही. पाण्याच्या पृष्ठभागावर असतानाच पहिल्यांदा करायचं: नाक चिमटीत, तोंड मिटलेलं, नाकातून हलकेच हवा ढकलायची. मग दर अर्ध्या-पाऊण मीटरला पुन्हा. सगळ्यांत जास्त त्रास पहिल्या तीन-चार मीटरमध्येच होतो, कारण दाबातला सापेक्ष फरक तिथेच सर्वांत मोठा असतो. आठ मीटरच्या खाली गेल्यावर कान विसरूनही जातात. एक कान सुटला आणि दुसरा नाही, तर जोर लावायचा नाही. अर्धा मीटर वर यायचं, मान न सुटलेल्या कानाच्या उलट बाजूला कलती करायची आणि पुन्हा करायचं. गडबड केली की पडदा दुखावतो, आणि मग उरलेली सहल कानात कापूस घालून बसावं लागतं.

खुणांत आपली माणसं हमखास चुकतात. खाली सगळं मस्त चाललंय म्हणून अंगठा वर केला की प्रशिक्षक तुम्हाला वर घेऊन येतो, कारण पाण्याखाली अंगठा वर म्हणजे 'वर चला'. ठीक आहे हे सांगायचं तर अंगठा आणि पहिलं बोट जुळवून गोल करायचा. काही बिनसलं तर पंजा आडवा धरून डुगडुगवायचा आणि जे दुखतंय तिकडे बोट दाखवायचं. मान डोलावू नका. आपण होकारालाही मान हलवतो, नकारालाही, आणि ऐकतोय हे दाखवायलाही.

नळी तोंडातून निसटली तर? पुन्हा तोंडात घालायची, आतलं पाणी एका फुंकरीने किंवा समोरचं बटण दाबून काढायचं, मगच श्वास आत. मधल्या वेळात ओठातून बारीक बुडबुडे सोडत राहायचं, म्हणजे श्वास कोंडला जात नाही. सिलिंडरमधली हवा अगदी कोरडी असते, घशाला कोरड पडणं साहजिक आहे. डाइव्हच्या आदल्या रात्री दारू नको, सकाळी पाणी भरपूर.

पोहायचं नाही, डोकं भिजवायचं नाही, चष्माही काढायचा नाही, अशांसाठी सी वॉक आहे. काचेचं जड शिरस्त्राण खांद्यावर, आत वरून हवा, आणि पाच-सहा मीटर खोलीवर तळाला चालायचं. घरातल्या मोठ्यांना हे जमतं. पण कान आणि पुढे सांगितलेलं घाटाचं गणित त्यांनाही लागू आहे. जेट स्की, बनाना बोट, पॅरासेलिंग यांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. जॅकेटचे सगळे बक्कल लावा आणि चष्म्याला दोरी बांधा.

भिंतीवरचं कॅलेंडर

बेटावर जायच्या तारखा ठरवताना विमानाच्या भाड्याबरोबर घरातलं मराठी कॅलेंडरही उघडा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, भरती-ओहोटीतला फरक मोठा आणि पाण्याला ओढ जास्त. अष्टमीच्या आसपास भांग, फरक लहान आणि पाणी निवांत. कोकणातला जुना ठोकताळा आहे की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण मिळते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. ही वेळ पश्चिम किनाऱ्याची, अंदमानात ती चालत नाही, तिथे जेटीवर किंवा हॉटेलात विचारा. पण उधाण आणि भांग तिथेही त्याच तिथींना येतात, चंद्र एकच.

याचा उपयोग असा. नीलचा नैसर्गिक दगडी पूल बघायचा तर पूर्ण ओहोटी लागते, आणि ती उधाणाच्या दिवसांत खोल जाते. तेव्हा खडकातल्या डबक्यांत मासे, खेकडे, समुद्रकाकड्या अडकलेल्या दिसतात. खडक शेवाळलेले असतात, रबरी चपला घसरतात, मागे पट्टा असलेली सँडल लागते. भरतपूरला उलट, पाणी भरलेलं असताना जा. ओहोटीला पोट प्रवाळाला घासतं. पहिलीच डाइव्ह असेल आणि निवड तुमच्या हातात असेल तर अष्टमीच्या आगेमागे घ्या.

रात्रीच्या कयाकिंगला मात्र काळोख हवा. हॅवलॉकच्या कांदळवनात पाण्यातले सूक्ष्म जीव ढवळल्यावर निळसर चमकतात. वल्हं मारलं की ठिणग्या, हात फिरवला की बोटांमागे रेघ. चांदणं असेल तर काही दिसत नाही. वद्य अष्टमीनंतर चंद्र मध्यरात्री उगवतो, त्यामुळे तेव्हापासून शुद्ध तृतीयेपर्यंतच्या संध्याकाळी धरा. संकष्टीला चंद्रोदयासाठी ताटकळणाऱ्या घराला हे समजवावं लागत नाही. फक्त कॅलेंडरवर बेळगावची जी वेळ छापलेली असते, त्यातून सव्वा तास वजा करायचा. डोळे अंधाराला सरावायला वीस मिनिटं लागतात. तेवढ्यात कुणी मोबाईल पेटवला की पुन्हा पहिल्यापासून.

दोघांच्या कयाकमध्ये वजनदार माणूस मागे बसतो आणि दिशाही तोच सांभाळतो. पुढचा ताल धरतो, मागच्याने त्याच तालावर वल्हं मारायचं, नाहीतर वल्ही एकमेकांवर आपटतात. नवरा-बायकोची निम्मी भांडणं इथली. वल्हं हाताने ओढायचं नाही, कंबर फिरवून मारायचं, म्हणजे दंड भरून येत नाहीत. दिवसा निघताना वाऱ्याच्या तोंडाशी जा, दमल्यावर परतताना वारा पाठीशी राहतो. रात्री आणि कांदळवनात स्वतः भाड्याने घेऊन जायचं नाही, खाडी ओळखणारा माणूस बरोबर हवा. खाऱ्या पाण्यातल्या मगरी अंदमानात आहेत. २०१० मध्ये हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्याजवळ स्नॉर्केल करणाऱ्या एका परदेशी पर्यटक महिलेचा मगरीने जीव घेतला होता. ओढ्याच्या मुखाशी आणि मगरीची पाटी असेल तिथे पाण्यात पाय घालू नका.

राधानगरला लाटांची ओढही असते. पाणी तुम्हाला आत नेतंय असं वाटलं तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजायचं नाही. किनाऱ्याला समांतर पोहत ओढीच्या पट्ट्यातून बाहेर पडायचं, मग परत वळायचं.

औषधांच्या डब्यात काय घ्यावं? प्रवाळाने खरचटलं तर जखमेत बारीक कण राहतात आणि ती पिकते. स्वच्छ पाण्याने भरपूर धुवा, चिमट्याने कण काढा, वर जंतुनाशक. जेलीफिश लागला तर गोडं पाणी ओतू नका आणि चोळू नका, त्याने डंखाच्या उरलेल्या पिशव्या फुटतात. समुद्राच्याच पाण्याने धुवा, व्हिनेगरची लहान बाटली जवळ असली तर उत्तम. सी अर्चिनचा काटा घुसला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात, ४० ते ४५ अंश, पाय बुडवून ठेवला की ठणका उतरतो. लहान मुलांच्या बाबतीत पाणी आधी आपल्या कोपराने बघावं. संध्याकाळी किनाऱ्यावर वाळूतल्या बारीक माश्या चावतात. त्यांचा चावा दुसऱ्या दिवशी खाजतो आणि आठवडाभर राहतो. सूर्य कलला की लांब पँट घाला, उघड्या वाळूवर लोळू नका.

आता घाट

पाण्याखाली दाबाने श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि ऊतींत विरघळतो. वर आल्यावर तो हळूहळू बाहेर पडतो. तो पुरता निघायच्या आधीच आपण उंचीवर गेलो, म्हणजे बाहेरचा दाब आणखी कमी झाला, तर सोड्याची बाटली उघडल्यासारखे अंगात बुडबुडे होऊ शकतात. सांधे दुखणं, मुंग्या, अंगावर खाज, चक्कर, न जाणारा थकवा ही त्याची लक्षणं. म्हणून डाइव्हिंगच्या जगात नियम आहे: एकच डाइव्ह केली असेल तर विमानाआधी किमान १२ तास, एकाहून जास्त डाइव्ह किंवा सलग दिवस केल्या असतील तर किमान १८ तास.

विमानाचा नियम सगळे सांगतात. पण त्या नियमातली 'उंची' सुरू होते २००० फुटांपासून, म्हणजे सुमारे ६१० मीटर. बेळगाव अडीच हजार फुटांवर आहे. आंबोली गाव आणि चोर्ला घाटाचा माथाही त्या रेषेच्या वर येतात. तेव्हा मालवण-तारकर्लीला सकाळी अकराला डाइव्ह, दुपारी सुरमईचं ताट, चारला गाडी, सातला घाटमाथा, हा आपल्याकडचा लाडका एकदिवसाचा बेत नियमात बसत नाही. मुरुडेश्वरहून बोटीने नेत्राणी बेटावर जाणाऱ्यांचंही तेच. तिथून परतताना अरबैल घाट चढून हुबळीमार्गे या नाहीतर अणशीने या, शेवटी घर त्याच उंचीवर आहे.

मालवणच्या पहिल्या डाइव्ह बहुतेक उथळ आणि थोडक्या वेळाच्या असतात, त्यामुळे जोखीम लहान असते, आणि रोज कितीतरी जण त्याच दिवशी घाट चढतातही. तरी नियम पाळायला खर्च येतो तो एका रात्रीच्या मुक्कामाचा. नेत्राणीला दोन डाइव्ह होतात, पाणीही खोल असतं, तिथे मुक्काम टाळूच नका. घाट चढल्यावर वरची लक्षणं दिसली तर 'प्रवासाने अंग आंबलंय' म्हणून झोपून जाऊ नका. दवाखान्यात जाऊन पहिलं वाक्य 'काल डाइव्ह केली होती' हे सांगा. ते सांगितल्याशिवाय इथला डॉक्टर त्या दिशेने विचार करणार नाही, त्याच्याकडे असे रोगी येतातच किती.

अंदमानात हाच हिशोब दिवसांच्या क्रमाचा होतो. पोर्ट ब्लेअरला उतरा, दुसऱ्या दिवशी हॅवलॉक, तिसऱ्या सकाळी डाइव्ह, चौथ्या दिवशी स्नॉर्केल आणि रात्री कयाक, मग नील, मग परत. असं केलं तर डाइव्ह आणि विमान यांत तीन-चार दिवस आपोआप पडतात. बिघडतं ते सी वॉक शेवटच्या दुपारसाठी राखून ठेवलं आणि दुसऱ्या सकाळचं विमान असलं की. दिगलीपूरला जाऊन सॅडल पीक चढणार असाल तर तो चढही डाइव्हनंतर लगेच नको, तिथली वाट समुद्रकाठापासूनच सुरू होते आणि बेळगावच्या उंचीवर संपते. दिगलीपूरच्या रस्त्यावर जारवा आदिवासींचं राखीव क्षेत्र लागतं, गाड्या ताफ्याने सोडतात. तिथे थांबणं आणि फोटो काढणं गुन्हा आहे.

बॅग भरताना शिंपले आणि प्रवाळाचे तुकडे किनाऱ्यावरच राहू द्या. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, मेलेला तुकडासुद्धा, आणि विमानतळावर बॅगा तपासतात. मास्क आणि फिन (पायात घालायचे रबरी पंख) गोड्या पाण्यात बुडवून सावलीत वाळवा, उन्हात सिलिकॉन पिवळं पडतं.

शेवटचा दिवस कोरडा ठेवायचा आणि तो सेल्युलर जेलला द्यायचा. सावरकर १९११ मध्ये जिथे आणले गेले ती कोठडी बघायला सकाळ पुरत नाही. सातांपैकी उरलेल्या तीन पाखांच्या मधल्या मनोऱ्यावरही चढा. ती उंची नायट्रोजनच्या हिशोबात धरत नाहीत.